शेती राज्याची, मंत्री दिल्लीचा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की अमरावती आणि अकोल्याच्या चौकांत डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुखांचे फलक लागतात. २७ डिसेंबर ही त्यांची जयंती. फलकांवर बऱ्याचदा ‘भारताचे पहिले कृषिमंत्री’ असे लिहिलेले असते. कागद काढून पाहिले तर ते बरोबर नाही. १९४६ च्या हंगामी सरकारात अन्न आणि शेती हे खाते डॉ. राजेंद्रप्रसादांकडे होते. त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आले, मग कन्हैयालाल मुन्शी, मग १९५२ मध्ये रफी अहमद किडवाई. भाऊसाहेब केंद्रात गेले ते याच १९५२ मध्ये, शेतीचे मंत्री म्हणून, आणि १९६२ पर्यंत मंत्रिमंडळात राहिले. या दहा वर्षांत कॅबिनेटमध्ये बसणारा अन्न व शेती मंत्री मात्र दुसराच असे. आधी किडवाई, त्यांच्या निधनानंतर अजितप्रसाद जैन, शेवटी स. का. पाटील.

फलकावरच्या चुकीने भाऊसाहेब लहान होत नाहीत. दखल घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे शेती हा कायद्याने राज्यांचा विषय आहे. मग शेतीवर आयुष्य काढलेला राजकारणी जिल्ह्यात, प्रांतात आणि दिल्लीत बसतो तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्याच्या हातात नेमके काय असते? हे समजून घ्यायला भाऊसाहेबांची कारकीर्द फार सोयीची आहे. ते या तिन्ही ठिकाणी बसले, आणि सरकारी हात अपुरा पडला तिथे त्यांनी सरकारबाहेर काहीतरी उभे केले. त्यांचे मंत्रिपद साठ वर्षांपूर्वी संपले. त्या बाहेर उभ्या केलेल्या गोष्टी अजून चालू आहेत.

त्यांचा जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. मूळ आडनाव कदम. गावात आणि चांदूर रेल्वेला सुरुवातीचे शिक्षण झाले, मग कारंजा, अमरावती, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, आणि १९२० मध्ये थेट विलायत. तिथे एडिंबरोची एम. ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी. डॉक्टरेटचा विषय शेतीशी संबंध नसलेला होता: वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. १९२६ मध्ये ते परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

परतले तो मुलूख कसा होता हे थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे काही कळत नाही. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते, पण कागदोपत्री मालकी निजामाची. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. मध्य प्रांतात मालगुजारी होती, म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये मालगुजार. वऱ्हाडात रयतवारी: शेत ज्याच्या नावावर, तोच सरकारला सारा भरणार, आणि त्याला ते शेत गहाण टाकता येणार, विकताही येणार. गहाण टाकता येते म्हटल्यावर सावकार उसने द्यायला तयार असतो. त्यात १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला कधी नव्हता असा भाव आला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. १८८६ मध्ये कारंज्याला देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. बाजाराला नियम मिळाले खरे. पण बाजार समितीत वजन व्यापाऱ्यांचेच होते, आणि कास्तकार गाडी घेऊन बाजारात येई तोवर त्याच्या कापसावर आधीच कुणाचे तरी नाव चढलेले असे.

शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा या सगळ्यात पहिल्यांदा कुठे हात घालू शकत होता? जिल्ह्यात.

१९२८ मध्ये भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्या काळच्या जिल्हा कौन्सिलकडे शाळा, रस्ते, दवाखाने, विहिरी एवढेच असे. शेतीचा भाव, सारा, कर्ज यांतले काहीही नाही. तेव्हा त्यांनी जे हातात होते ते वापरले. सार्वजनिक विहिरी सर्व जातींना खुल्या करण्याचे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे काम पुढे रेटले. त्याच्या मागेपुढेच अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, त्यातही ते पुढे होते. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढले. स्वतः १९२७ मध्ये मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. हे शेतीच्या विषयाबाहेरचे वाटेल, पण त्यांच्या हिशेबात तसे नव्हते. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा मिळत नसेल तर शेतकऱ्याच्या घरातून वकील, तहसीलदार, शेतीतज्ज्ञ निघणार कुठून? आणि ते निघाले नाहीत तर कचेरीत शेतकऱ्याच्या बाजूचा माणूस कधीच बसणार नाही. या हिशेबातूनच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. ती आज विदर्भातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे.

दुसरी जागा प्रांताची. १९३० मध्ये भाऊसाहेब मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. ही निवडणूक काँग्रेसने लढवली नव्हती, कारण सविनय कायदेभंग चालू होता. वऱ्हाडची कायदेशीर मालकी निजामाची असल्याने एक गमतीचा सोपस्कारही करावा लागे. वऱ्हाडात मतदान होई, आणि निवडून आलेल्या माणसाला गव्हर्नर कागदोपत्री ‘नेमणूक’ देई. भाऊसाहेब लगेच मंत्री झाले. शिक्षण, शेती, बांधकाम अशी खाती मिळाली.

पण १९१९ च्या कायद्याने प्रांताचा कारभार दोन भागांत कापलेला होता. शिक्षण, शेती, सहकार, स्थानिक संस्था ही ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे असत. पैसा, पोलीस, जमीन महसूल, पाटबंधारे ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या माणसांकडे. म्हणजे शेतीचा मंत्री बियाणे वाटू शकत होता, प्रयोगशेत काढू शकत होता, प्रात्यक्षिक दाखवू शकत होता. पण त्या शेताला पाणी द्यायचे खाते त्याचे नव्हते, त्या शेताचा सारा कमी करायचे खाते त्याचे नव्हते, आणि स्वतःच्या खात्याला पैसा हवा तर राखीव बाजूच्या दारात उभे राहावे लागे. शेतीपैकी जिथे सत्ता होती तो भाग वेगळा काढून ठेवला, आणि जिथे नुसता उपदेश होता तो मंत्र्याला दिला. मला तर या वाटणीत इंग्रजांची हुशारी त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त स्पष्ट दिसते.

त्यात वेळ वाईट होती. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापसाचा भाव कोसळला. मंदीत कर्जाचे काय होते हे एकदा नीट पाहिले पाहिजे. कर्ज रुपयांत असते, फेडायचे असते कापूस विकून. भाव निम्मा झाला तर कागदावरचा आकडा तोच राहतो, पण तो फेडायला दुप्पट कापूस लागतो. तेवढा कापूस शेतात पिकत नाही. मग व्याज मुद्दलात मिळते, पुन्हा नवी चिठ्ठी लिहून घेतली जाते, आणि दोन-तीन हंगामांत रयतवारीने दिलेला तोच विक्रीचा हक्क उलटून शेतकऱ्याच्या अंगावर येतो. शेत कायदेशीर मार्गाने, कोर्टाच्या हुकुमाने, सावकाराच्या नावावर जाते.

याच काळात, १९३३ मध्ये, मध्य प्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. वऱ्हाडात हा कायदा भाऊसाहेबांच्या नावानेच ओळखला जातो. तो कसा चाले हे आज फार कुणाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर. सरकार एका भागासाठी लवाद मंडळ नेमी. कर्जदार किंवा सावकार, दोघांपैकी कुणीही मंडळाकडे अर्ज करू शके. अर्ज आला की मंडळ सर्व सावकारांना नोटीस काढून आपापले येणे कागदपत्रांसह मांडायला लावी. इथेच अर्धी लढाई होई, कारण कित्येक शेतकऱ्यांना आपले एकूण कर्ज किती आणि त्यात मुद्दल किती हेच पहिल्यांदा कळे. जो सावकार बोलावूनही हिशेब देत नसे, त्याचे येणे धोक्यात येई. मग मंडळ दोघांना समोर बसवून तडजोड घडवी: इतकी रक्कम, इतक्या हप्त्यांत. पुरेशा येण्याचे सावकार कबूल झाले की करारनाम्याची नोंद होई. आणि शेतकऱ्याने वाजवी देकार देऊनही एखादा सावकार हटून बसला तर मंडळ तसा दाखला देई. तो दाखला असला की पुढे त्या सावकाराला कोर्टात दाव्याचा खर्च आणि चढे व्याज मिळवणे अवघड जाई.

या कायद्यात सक्ती कमी होती. कर्ज माफ करायचा अधिकार मंडळाला नव्हता. पण सावकाराची खरी ताकद त्याच्या एकट्याच्या वहीत होती, आणि ती वही चारचौघांत उघडावी लागली. राखीव खाती हातात नसलेल्या मंत्र्यांच्या काळात सारा न छेडता, पाटबंधाऱ्यांना हात न लावता शेतकऱ्याला एवढा दिलासा मिळाला. मंत्रिपद १९३३ मध्येच सुटले.

मंत्रिपद असताना आणि नसतानाही त्यांनी काढलेला शेतकरी संघ चालू होता, आणि त्याची बाजू मांडायला ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्रही. पुढच्या दहा-बारा वर्षांचा तपशील इथे लांबवत नाही. वकिली, संस्था, दौरे. १९४६ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडातून ते संविधान सभेवर गेले.

संविधान सभेत त्यांनी पुष्कळ दुरुस्त्या मांडल्या. त्यातली एक आज वाचताना खटकते. नागरिकत्वाच्या कलमावर, ऑगस्ट १९४९ मध्ये, दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला, तो कुठेही राहत असला तरी, भारताचे नागरिकत्व मिळावे अशी त्यांची सूचना होती. सभेने ती स्वीकारली नाही. भाऊसाहेबांवर लिहिणारे बहुतेक जण हे पान उलटून पुढे जातात. विहिरी आणि मंदिर सर्वांना खुले करा म्हणणारा माणूस देशाचे दार मात्र धर्म पाहून उघडायला तयार होता. हे दोन्ही त्यांचेच आहे.

शेतीच्या दृष्टीने संविधानातली महत्त्वाची गोष्ट सातव्या अनुसूचीत आहे. तिथे तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची, आणि दोघांची समवर्ती. राज्याच्या यादीत १४ व्या नोंदीत शेती, शेतीचे शिक्षण आणि संशोधन, कीड-रोगांपासून संरक्षण. १८ वी नोंद जमिनीची, २८ वी बाजारांची, ३० वी सावकारी आणि शेतीच्या कर्जातून दिलासा, ३२ वी सहकारी संस्थांची, ४५ वी जमीन महसुलाची, ४६ वी शेतीच्या उत्पन्नावरच्या कराची. थोडक्यात, सातबारा, बाजार समिती, सोसायटी, सारा, कर्जमाफीचा कायदा हे सगळे राज्याच्या खिशात. केंद्राकडे परदेशी व्यापार, राज्याराज्यांतला व्यापार आणि उच्च शिक्षण-संशोधनाचा दर्जा राखण्याचे काम. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीतली ३३ वी नोंद रुंदावली आणि अन्नधान्य, पशुखाद्य, कच्चा कापूस, सरकी यांच्या व्यापारात केंद्राला कायदे करायची वाट मिळाली. कापूस आणि सरकी! वऱ्हाडाच्या घरातलेच पीक दिल्लीच्या टेबलावर गेले.

भाऊसाहेब १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही लोकसभांत काँग्रेसचे खासदार म्हणून अमरावतीतून निवडून आले. पहिल्यांदा अमरावती मध्य प्रदेशात होती, दुसऱ्यांदा द्विभाषिक मुंबई राज्यात, तिसऱ्यांदा महाराष्ट्रात. मतदार तेच, राज्य मात्र दर खेपेला वेगळे. आणि शेती तर राज्याचा विषय! म्हणजे दिल्लीत बसून त्यांना आपल्याच जिल्ह्याच्या शेतीसाठी आधी नागपूरच्या, मग मुंबईच्या मंत्र्यांना विनंती करावी लागे.

अशा मंत्र्याच्या हातात तेव्हा काय असे? पहिले साधन पैसा. केंद्र योजना आखते आणि तिच्यासोबत अनुदान किंवा कर्ज देते, राज्याने आपला वाटा घातला तर. राज्याला पैसा हवा असतो म्हणून ते योजना स्वीकारते, पण राबवणारे कर्मचारी राज्याचेच राहतात. दुसरे साधन संशोधन. भारतीय कृषी अनुसंधान परिषद १९२९ पासून होती, आणि कापसासाठी वेगळी केंद्रीय समिती त्याआधीपासून, कापसावरच्या उपकरातून चालणारी. तिसरे साधन प्रचार. गावपातळीवरचे ग्रामसेवक तर शेती खात्याचेही नव्हते. ते १९५२ च्या गांधी जयंतीला सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाचे. आणि अन्नधान्याची आयात, रेशन, अमेरिकेकडून १९५६ पासून पीएल-४८० या कायद्याखाली येऊ लागलेला गहू हे सगळे खात्याच्या अन्न बाजूचे, म्हणजे कॅबिनेट मंत्र्याचे. शहरात गहू स्वस्त मिळावा हे अन्न खात्याचे काम, शेतकऱ्याला भाव मिळावा ही शेती खात्याची इच्छा, आणि दोन्ही एकाच इमारतीत. यात जिंकणार कोण हे सांगायला नको.

भाऊसाहेबांनी तिसरे साधन, प्रचार, इतके वापरले की कापसाच्या मुलखातला हा माणूस देशभर ओळखला गेला तो भाताच्या मोहिमेमुळे. १९५३ मध्ये जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम सुरू झाली. पद्धत साधी होती. उंच गादीवाफ्यावर निवडलेले बियाणे विरळ पेरायचे, म्हणजे बियाणे कमी लागते आणि रोप जोमदार होते. लावणी करताना मूठभर रोपे चिखलात खोचायची नाहीत. मोजकी रोपे, ओळीत, ठरावीक अंतरावर. ओळ सरळ असली की हाताने ढकलायचे फिरते कोळपे मधून चालते, तण निघते, माती हलते. वर शेणखत, कंपोस्ट आणि रासायनिक खत जास्त द्यायचे. सिंद्रीचा खत कारखाना नुकताच १९५१ मध्ये सुरू झाला होता, ते खत खपायलाही हवेच होते.

यातले शहाणपण मंत्र्याच्या बाजूने पाहा. यासाठी कुठला कायदा लागत नव्हता, राज्याची जमीन लागत नव्हती, परदेशी यंत्र लागत नव्हते. लागत होती दोरी, कोळपे आणि जास्तीची मजुरी. अडचणही तिथेच होती. ओळीत लावणी करायला बाया जास्त लागतात, आणि पाऊस ऐन वेळी ओढ देतो किंवा एकदम कोसळतो तेव्हा दोरी धरून बसायला कुणाला सवड नसते. पाण्याची खात्री होती तिथे पद्धत टिकली, नव्हती तिथे मोहीम ओसरल्यावर लोक जुन्या लावणीकडे वळले. पण कमी बियाणे, सशक्त रोप, मोकळे अंतर आणि खत हा विचार भाताच्या शेतीत राहून गेला.

तरीही दिल्लीत त्यांना सर्वांत जास्त खुपत असावे ते दुसरेच. गिरणी मालकांच्या संघटना होत्या, कामगारांच्या होत्या, व्यापाऱ्यांचे चेंबर होते. मंत्र्याकडे शिष्टमंडळ येई ते यांचे. शेतकऱ्याच्या नावाने सगळे बोलत, पण शेतकऱ्याची वर्गणी भरून, सभासद होऊन चालणारी देशपातळीवरची पक्षविरहित संघटना नव्हती. १९५५ मध्ये भाऊसाहेबांनी भारत कृषक समाज स्थापला आणि त्याचे अध्यक्ष झाले. सत्तेवर असलेला मंत्री शेतकऱ्यांची संघटना काढतो यात एक अवघड गोष्ट आहे. जिने सरकारशी भांडायचे तिचा अध्यक्ष सरकारातच. त्यामुळे कृषक समाज पुढच्या काळातल्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेसारखा रस्त्यावर आला नाही. तो निवेदने, परिषदा, प्रदर्शने यांचाच राहिला. हा दोष मी मोठा मानतो. पण शेतकऱ्याला दिल्लीत स्वतःच्या नावाची पाटी मिळाली, हेही तितकेच खरे.

त्या पाटीचा सर्वांत मोठा दिवस ११ डिसेंबर १९५९. कृषक समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, आणि त्याच्या उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांबरोबर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेने आपल्या दालनाला ‘अमरिकी मेळा’ असे देशी नाव दिले आणि रशियाही आपले दालन घेऊन उतरला. दोन महासत्तांची चढाओढ भारतीय शेतकऱ्याला ट्रॅक्टर दाखवण्यात खर्च झाली. पापळच्या माणसाने ती संधी साधली.

१९६२ मध्ये मंत्रिपद संपले. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीत शिवाजी कॉलेज सुरू झाले होते, तेही त्यांच्याच खटपटीने. १० एप्रिल १९६५ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंद्राने भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन केले. म्हणजे भाव ठरवायचे आणि त्या भावाने धान्य खरेदी करायचे यंत्र दिल्लीच्या हातात आले ते भाऊसाहेब मंत्री नसताना, त्यांच्या अखेरच्या तीन महिन्यांत. आजचा केंद्रीय कृषिमंत्री हमीभाव जाहीर करतो, ते साधन भाऊसाहेबांना दहा वर्षांत कधीच मिळाले नव्हते. त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना ही गोष्ट विसरली जाते.

त्यांच्या मृत्यूनंतर अकोल्यात जे झाले ते पाहिले की राज्याच्या यादीचा अर्थ लख्ख कळतो. राज्याचे कृषी विद्यापीठ कुठे व्हावे यावर १९६७ मध्ये विदर्भात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे गेली. १९६८ मध्ये विद्यापीठ राहुरीला झाले. मग २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात विदर्भासाठी वेगळे विद्यापीठ सुरू झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. आज विदर्भाचे सर्व ११ जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

विद्यापीठातून शेतापर्यंत वाण कसा पोहोचतो तेही अकोल्यातच पाहायला मिळते. पैदासकार शास्त्रज्ञ वाण तयार करतो, तो वेगवेगळ्या संशोधन केंद्रांवर काही हंगाम तपासला जातो. मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी बैठक भरते, तिला सगळे जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात. तिथे वाणाची आणि लागवडीच्या शिफारशींची छाननी होते. शिफारस झाली, अधिसूचना निघाली की विद्यापीठ पैदासकार बियाणे देते. त्यापासून पायाभूत बियाणे, त्यापासून प्रमाणित. ते वाढवून पिशवीत भरणारे ‘महाबीज’ १९७६ पासून अकोल्यातच आहे, आणि प्रमाणित बियाण्याचा दाखला देणाऱ्या राज्य यंत्रणेचे मुख्यालयही अकोल्यातच. हरभऱ्याची किंवा तुरीची पिशवी घेताना तिच्यावरची निळी खूणचिठ्ठी पाहिलीत तर ही साखळी कुठे संपते ते कळेल. विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल तर खेड्यापाड्यांत बचत गटांपर्यंत पोहोचली आहे. ऑक्टोबरच्या सुमारास विद्यापीठात शिवार फेरी असते. कुणालाही जाऊन उभे पीक पाहता येते, आणि शास्त्रज्ञाला तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतो.

भाऊसाहेबांचे नाव आज आणखी एका ठिकाणी कास्तकाराच्या रोजच्या कामात येते, ते पीककर्जात. ‘डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना’ ही राज्याची. तिची चाल अशी: गावची सेवा सहकारी सोसायटी जिल्हा बँकेकडून पैसा घेऊन सभासदाला ३ लाखांपर्यंत पीककर्ज देते. शेतकऱ्याने ते ठरलेल्या तारखेच्या आत फेडले तर केंद्र ३ टक्के व्याज सवलत देते. त्याच कर्जावर राज्य पंजाबराव योजनेतून आपली सवलत देते, ती २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतच्या सगळ्या कर्जाला ३ टक्के. जिल्हा बँकेचा व्याजदर ६ टक्के असला की दोन्ही सवलती मिळून शेतकऱ्याच्या वाट्याचे व्याज शून्यावर येते. राज्याच्या वाट्याचे प्रस्ताव सोसायटी आणि बँकेकडून जिल्हा उपनिबंधकांकडे जातात. भाऊसाहेबांच्या कर्ज लवाद मंडळात सावकाराची वही उघडावी लागे, इथे सोसायटीची वही उघडी असते. फक्त तारीख पाळावी लागते.

आणि तारीख चुकते ती बहुतेक एकाच कारणाने. निवडणूक जवळ आली की कर्जमाफीची हवा होते, लोक परतफेड थांबवतात, मुदत निघून जाते, आणि केंद्राची आणि राज्याची अशा दोन्ही सवलती एकदमच जातात. माफी झालीच नाही तर थकबाकीदार म्हणून पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. तेव्हा यंदा पीककर्ज घेतले असेल तर सोसायटीच्या गटसचिवाकडे जाऊन परतफेडीची शेवटची तारीख लिहून घ्या, भरणा त्याआधी करा, पावती घ्या, आणि व्याज लावले गेले असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी अर्ज द्या. लोकसभेच्या उमेदवाराकडे ही तक्रार नेऊ नका. सोसायटी ही राज्याच्या यादीतली ३२ वी नोंद आहे.